अंड्याच्या पांढऱ्यातून लायसोझाइम: अमिनो आम्लांच्या तक्त्यापासून शुद्ध प्रथिनापर्यंत

बायोकेमिस्ट्रीच्या वर्गात वीस अमिनो आम्लांचा तक्ता पाठ करून घेतात आणि प्रथिन शुद्ध करण्याचं प्रॅक्टिकल वेगळ्याच दिवशी, बहुतेकदा वेगळ्याच शिक्षकांकडे होतं. मग बफरचा पीएच ८.२ का, कॉलम सीएमचाच का, रीडिंग २८० नॅनोमीटरलाच का, असं व्हायवात विचारलं की मुलं 'प्रोटोकॉलमध्ये तसं दिलंय' म्हणून मोकळी होतात. मला हे फार खटकतं. या सगळ्या निर्णयांची उत्तरं त्याच पाठ केलेल्या तक्त्यात असतात. हा लेख त्या दोन तासिका एकत्र आणण्यासाठी आहे.

उदाहरण म्हणून कोंबडीच्या अंड्यातलं लायसोझाइम, म्हणजे जिवाणूंची भिंत तोडणारं एन्झाइम, घेतलं आहे. अंडं कुठेही मिळतं, एन्झाइम टिकाऊ आहे, त्याची क्रिया साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर मोजता येते, आणि त्याच्या साखळीतला प्रत्येक दुवा माहीत आहे. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२२ साली, म्हणजे पेनिसिलिनच्या कितीतरी आधी, त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. १९६५ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये डेव्हिड फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी क्ष-किरणांच्या मदतीने त्याची त्रिमितीय रचना उलगडली. एखाद्या एन्झाइमची रचना अशी पहिल्यांदाच माणसाच्या डोळ्यांसमोर आली.

अंडं हाताळायचं नसेल त्यांनी दुधातलं केसीन घ्यावं. साय काढलेल्या दुधाचा पीएच ४.६ पर्यंत खाली आणला की ते आपोआप साका धरून बसतं. पण केसीनची क्रिया मोजता येत नाही, त्यामुळे पुढचा अर्धा लेख तुमच्या हातून निसटेल.

आधी कागद-पेन्सिल

काचसामानाला हात लावण्याआधी अर्धा तास वहीत घालवा. लायसोझाइमच्या साखळीत १२९ अमिनो आम्लं आहेत. साखळीतल्या एका अमिनो आम्लाचं सरासरी वजन ११० डाल्टन धरलं तर १२९ गुणिले ११० म्हणजे १४,१९० होतात. खरं वजन सुमारे १४,३०० डाल्टन, म्हणजे १४.३ किलोडाल्टन. तोंडी हिशोब इतका जवळ येतो.

आता भार मोजा. लायसिन ६ आणि आर्जिनिन ११, म्हणजे १७ धन भार. ॲस्पार्टिक आम्ल ७ आणि ग्लुटामिक आम्ल २, म्हणजे ९ ऋण भार. हिस्टिडिन एकच, आणि त्याचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे प्रोटॉन सुटतात तो आकडा) ६ च्या आसपास असल्यामुळे पीएच ८ च्या पुढे त्याचा भार धरायचं कारण नाही. साखळीच्या दोन टोकांचे भार एकमेकांना जवळपास खाऊन टाकतात. हातात उरतात सुमारे आठ धन भार. हे प्रथिन भारहीन व्हायचं असेल तर पीएच खूप वर न्यावा लागेल, लायसिनचे धन भार गळून पडेपर्यंत. म्हणूनच लायसोझाइमचा समविद्युत बिंदू, म्हणजे ज्या पीएचला प्रथिन भारहीन होतं तो, ११ च्या जवळ आहे.

अंड्याच्या पांढऱ्यातल्या बाकीच्यांची स्थिती नेमकी उलट आहे. तिथल्या प्रथिनांपैकी निम्म्याहून अधिक, सुमारे ५४ टक्के, ओव्हाल्ब्युमिन असतं आणि त्याचा समविद्युत बिंदू ४.५ च्या आसपास. ओव्होट्रान्सफेरिन सुमारे १२ टक्के, बिंदू ६ च्या थोडा वर. ओव्होम्युकॉइड सुमारे ११ टक्के, बिंदू ४ च्या जवळ. लायसोझाइम मात्र जेमतेम साडेतीन टक्के.

आता पीएच ठरवा. ५ घेतला तर लायसोझाइमसोबत ओव्होट्रान्सफेरिनही धनभारित होईल आणि कॉलमला (भारित कणांनी भरलेल्या नळीला) चिकटेल. १० च्या पुढे गेलात तर लायसोझाइमचीच पकड ढिली होईल. ८.२ ला मात्र जवळपास सगळी गर्दी ऋणभारित आणि आपला एकटा धनभारित. अगदी थोड्या प्रमाणात असलेलं ॲव्हिडिनही धनभारित असतं, पण ते ०.०५ टक्क्याच्या आसपास, त्यामुळे या प्रॅक्टिकलपुरतं सोडून द्या.

धनभारित प्रथिन पकडायचं तर कॉलममधलं रेझिन ऋणभारित हवं. सीएम म्हणजे कार्बोक्झिमेथिल, आणि त्यातला कार्बोक्झिल गट या पीएचला ऋणभारित असतो. इथे एक गोंधळ दरवर्षी होतो. कॅटायन एक्स्चेंजर म्हणजे कॅटायन पकडणारा. तो स्वतः ऋणभारित असतो. हे जर्नलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

बफर आणि तयारी

बफर 'अ': ५० मिलिमोलर ट्रिस, ५० मिलिमोलर मीठ, पीएच ८.२. एक लिटरला ट्रिस ६.०६ ग्रॅम आणि सोडियम क्लोराइड २.९२ ग्रॅम. ८०० मिलिलिटर पाण्यात विरघळवा, हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच जुळवा, आणि मगच लिटर पूर्ण करा. बफर 'ब' अगदी तसाच, फक्त मीठ ५०० मिलिमोलर, म्हणजे २९.२ ग्रॅम.

ट्रिसची एक खोड लक्षात असू द्या. तापमान एक अंशाने वाढलं की त्याचा पीएच साधारण ०.०३ ने उतरतो. पंचवीस अंशाला ८.२ केलेला बफर फ्रीजमध्ये ४ अंशाला ८.८ च्या आसपास पोचतो. काम ज्या तापमानाला करणार त्याच तापमानाला पीएच जुळवा. लायसोझाइम खोलीच्या तापमानाला आरामात टिकतं, त्यामुळे कॉलम बाहेर टेबलावर चालवला तरी बिघडत नाही. दुसऱ्या नाजूक प्रथिनांना ही सवलत देऊ नका.

कच्च्या अंड्यात साल्मोनेला असू शकतो. हातमोजे घाला, टेबल शेवटी पुसून घ्या. ज्यांना अंड्याची ॲलर्जी आहे त्यांनी लायसोझाइमच्या कोरड्या पावडरीपासून लांब राहावं. ते स्वतःच अंड्यातलं एक ॲलर्जन आहे आणि उडून नाकात जातं.

पहिली पायरी: पांढरं काढणं

अंडं फोडून बलक बाजूला करा. बलकाचा थेंबही पडला तर दुसरं अंडं घ्या, कारण त्यातला स्निग्धांश कॉलमचं तोंड बुजवतो. दहा मिलिलिटर पांढरं मोजा. त्यात सुमारे एक ग्रॅम प्रथिन असतं, म्हणजे लायसोझाइम ३५ मिलिग्रॅमच्या आसपास. हा आकडा आत्ताच वहीत लिहा, शेवटी याच्याशीच ताळा करायचा आहे.

ताज्या अंड्याच्या पांढऱ्याचा पीएच साडेसात-पावणेआठच्या आसपास असतो. अंडं ठेवून दिलं की कवचातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पीएच ९ च्या वर चढतो. त्यामुळे दुकानातून आणलेलं अंडं किती जुनं आहे त्यावर तुमचा पीएच ठरतो. पांढऱ्यात बफर 'अ' मिसळून ५० मिलिलिटर करा, पीएच तपासा, गरज पडल्यास ८.२ ला आणा. बफर घालण्याचा दुसराही फायदा आहे. पांढऱ्याचा चिकट लगदा ज्याच्यामुळे असतो ते ओव्होम्युसिन क्षारांचं प्रमाण घटलं की साक्याच्या रूपात बाहेर पडतं.

ढवळताना फेस येऊ देऊ नका. चुंबकीय स्टिररवर अगदी मंद गती ठेवा. फेसाच्या प्रत्येक बुडबुड्यावर हवा आणि पाणी यांच्यामध्ये एक पातळ पडदा असतो. प्रथिनाच्या आत दडलेली ल्युसिन, व्हॅलिन, फिनाइलॲलॅनिन ही पाणी टाळणारी अमिनो आम्लं तिथे हवेकडे तोंड काढतात आणि घडी उलगडते. केकसाठी हे हवंच असतं, इथे ते नको.

अर्ध्या तासाने मलमलीच्या दुहेरी कापडातून गाळा आणि १०,००० जी ला २० मिनिटं सेंट्रिफ्यूज करा. आरपीएम आणि जी एक नाहीत. आरपीएमचा वर्ग, गुणिले रोटरची सेंटिमीटरमधली त्रिज्या, गुणिले ०.००००१११८, म्हणजे जी. आठ सेंटिमीटर त्रिज्येच्या रोटरला १०,००० आरपीएमवर साधारण ८,९०० जी मिळतात. वरचं स्वच्छ द्रावण काढून घ्या आणि त्याचं आकारमान मोजा. हे तुमचं कच्चं द्रावण.

आणि आता या लेखातली माझी सगळ्यात आग्रहाची सूचना. यातलं ५०० मायक्रोलिटर एका छोट्या ट्यूबमध्ये काढा, नाव आणि आकारमान लिहा, बर्फात ठेवा. यापुढे प्रत्येक पायरीला हेच करायचं: साका, कॉलममधून न अडकता गेलेलं द्रावण, धुतलेलं पाणी, प्रत्येक फ्रॅक्शन (कॉलममधून थोडंथोडं वेगळं धरलेलं द्रावण). काहीही बेसिनमध्ये ओतायचं नाही, शेवटचा हिशोब जुळेपर्यंत. प्रथिन हरवलं तर ते कुठल्या तरी ट्यूबमध्ये असतंच, आणि ती ट्यूबच ओतून दिली असेल तर शोधायला जागा उरत नाही.

अमोनियम सल्फेटबद्दल थोडंसं

पुस्तकात यानंतर सहसा अमोनियम सल्फेटची पायरी येते. भरपूर क्षार घातला की प्रथिनाभोवतीचं पाणी क्षाराच्या आयनांकडे ओढलं जातं आणि प्रथिनं एकमेकांना बिलगून खाली बसतात. पंचवीस अंशाला शून्यापासून ५० टक्के संपृक्ततेला लिटरमागे ३१३ ग्रॅम लागतं. बारीक कुटून, चिमटीचिमटीने, ढवळत घालायचं. लायसोझाइमसाठी ही पायरी मी गाळते. त्याचा भारच इतका वेगळा आहे की एका कॉलममध्ये काम होतं, आणि सल्फेट वापरलं की आधी डायलिसिस करून (सूक्ष्म छिद्रांच्या पिशवीतून क्षार बाहेर जाऊ देऊन) ते काढावं लागतं, नाहीतर कॉलमला काहीच चिकटत नाही.

डायलिसिस कधी करावं लागलंच तर पिशवीचं छिद्र बघून घ्या. कॉलेजच्या स्टोअरमध्ये बहुतेकदा १२ ते १४ किलोडाल्टनची नळी असते. लायसोझाइम १४.३ चं, त्यात ते गोळीदार आणि घट्ट. रात्रभरात त्यातलं बरंच बाहेरच्या बफरमध्ये उतरतं आणि सकाळी बाहेरचा बफर ओतून दिला जातो. साडेतीन किलोडाल्टनची नळी मागवा.

दुसरी पायरी: कॉलम

दहा मिलिलिटर बेड (कॉलममध्ये भरलेला रेझिनचा थर) पुरतो. सीएम-सेल्युलोज असेल तर कंपनीच्या सूचनेप्रमाणे फुगवून घ्या आणि वर तरंगणारा भुसा दोन-तीनदा ओतून टाका. तो राहिला तर प्रवाह अडतो. सीएम-सेफारोज तयारच येतं. राळ (म्हणजेच रेझिन) बफरमध्ये पातळ करून कॉलममध्ये एका ओतण्यात भरा. थांबत थांबत भरलं की थर पडतात आणि प्रथिनाची पट्टी वाकडी उतरते. एक नियम मोडायचा नाही: बेड कोरडा पडू द्यायचा नाही. हवा शिरली की उपसून पुन्हा भरण्याला पर्याय नाही.

बफर 'अ' ५० मिलिलिटर सोडा. बाहेर येणाऱ्या थेंबांचा पीएच आत जाणाऱ्या बफरइतका झाला की कॉलम तयार. कच्चं द्रावण मिनिटाला एक मिलिलिटरच्या वेगाने सोडा. पंप नसेल तर बाटली वर-खाली करून वेग जुळवा. जे न अडकता बाहेर येतं ते सगळं एका बाटलीत धरा. त्यात ओव्हाल्ब्युमिनची रास आहे. मग बफर 'अ' नेच धुवा, २८० नॅनोमीटरचं रीडिंग ०.०५ च्या खाली येईपर्यंत. इथे घाई करू नका. धुणं अर्धवट राहिलं तर सहाव्या पायरीतल्या जेलवर ओव्हाल्ब्युमिनची ४५ किलोडाल्टनची पट्टी हमखास दिसते.

आता सोडवणूक. ग्रेडियंट मिक्सर असेल तर 'अ' पासून 'ब' पर्यंत ६० मिलिलिटरचा चढता ग्रेडियंट चालवा. नसेल तर आधी १०० मिलिमोलर मिठाचा बफर २० मिलिलिटर आणि मग थेट बफर 'ब'. सोडियमचे आयन राळेच्या ऋण भारांवर गर्दी करतात आणि आर्जिनिन-लायसिनची पकड सुटते. दोन-दोन मिलिलिटरची फ्रॅक्शन गोळा करा, प्रत्येकाचं २८० चं रीडिंग घ्या आणि आलेख लगेच, तिथल्या तिथे काढा. शिखर आलं की कळायला हवं, दुसऱ्या दिवशी कळून उपयोग नाही.

काम झाल्यावर कॉलम दोन मोलर मिठाने धुवा आणि सेफारोज असेल तर २० टक्के इथेनॉलमध्ये ठेवा.

तिसरी पायरी: किती प्रथिन आहे?

इथे तक्ता पुन्हा बाहेर काढा. २८० नॅनोमीटरचा प्रकाश प्रामुख्याने ट्रिप्टोफॅन शोषतं, त्याखालोखाल टायरोसिन, आणि किंचित सिस्टिनचे डायसल्फाइड बंध. लायसोझाइममध्ये ट्रिप्टोफॅन ६, टायरोसिन ३, डायसल्फाइड बंध ४. एका ट्रिप्टोफॅनला ५,५००, टायरोसिनला १,४९०, बंधाला १२५ धरा: ३३,००० अधिक ४,४७० अधिक ५००, म्हणजे ३७,९७०. याला १४,३०० ने भागलं की २.६५ येतं. मिलिलिटरला एक मिलिग्रॅम लायसोझाइमचं प्रत्यक्ष मोजलेलं शोषण २.६४ आहे. कुठल्याही पुस्तकात न बघता, फक्त अमिनो आम्लं मोजून तुम्ही हा आकडा काढलात. मला आजही हा हिशोब फळ्यावर करताना आनंद होतो.

याच मापाने बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन या गाईच्या रक्तातल्या प्रथिनाचं, म्हणजे बीएसएचं शोषण ०.६६ च्या आसपास आहे. त्याच्या प्रचंड साखळीत ट्रिप्टोफॅन फक्त दोन. म्हणजे तेवढ्याच मिलिग्रॅमला लायसोझाइम चौपट शोषण दाखवतं. त्यामुळे शुद्ध फ्रॅक्शनचं रीडिंग २.६४ ने भागा, पण कच्च्या द्रावणाचं भागू नका. तिथे ओव्हाल्ब्युमिनचं राज्य आहे आणि त्याचं शोषण खूपच कमी. उदाहरणार्थ, शिखराचं फ्रॅक्शन दहापट पातळ केल्यावर ०.५५४ आलं, तर ५.५४ भागिले २.६४, म्हणजे मिलिलिटरला २.१ मिलिग्रॅम. क्युव्हेट क्वार्ट्झचंच हवं, काच आणि साधं प्लास्टिक या तरंगलांबीला स्वतःच प्रकाश गिळतात. ब्लँक म्हणून पाणी न घेता तोच बफर घ्या.

कच्च्या द्रावणासाठी ब्रॅडफर्ड. मॅरियन ब्रॅडफर्ड यांनी १९७६ साली ही पद्धत दिली. कुमासी ब्रिलियंट ब्लू जी-२५० हा रंग १०० मिलिग्रॅम, ९५ टक्के इथेनॉल ५० मिलिलिटर, ८५ टक्के फॉस्फोरिक आम्ल १०० मिलिलिटर, पाण्याने एक लिटर, आणि गाळून घ्यायचं. बाटलीवर जी आहे की आर, हे बघा. आर-२५० जेल रंगवण्यासाठी असतो, इथे चालत नाही. तपकिरी द्रावण प्रथिन मिळालं की निळं होतं आणि शोषण ५९५ ला वाढतं.

बीएसएची ०.१ ते १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर अशी पाच-सहा प्रमाणित द्रावणं करा. प्रत्येकातलं ०.१ मिलिलिटर आणि ५ मिलिलिटर अभिकर्मक. पाच मिनिटांनंतर आणि तासाच्या आत सगळी रीडिंग घ्या. कच्चं द्रावण पन्नासपट पातळ करा म्हणजे ते रेषेच्या मधोमध बसेल. वरच्या टोकाला रेषा वाकते. वाकलेल्या भागात जबरदस्तीने सरळ रेषा बसवण्यापेक्षा नमुना आणखी पातळ करा. रंग क्वार्ट्झला चिकटून बसतो, म्हणून इथे प्लास्टिकचं क्युव्हेट बरं.

हा रंग मुख्यतः आर्जिनिनला धरतो, काही प्रमाणात लायसिन आणि ॲरोमॅटिक (वलय असलेल्या) अमिनो आम्लांना. म्हणजे पुन्हा प्रत्येक प्रथिनाचा रंग वेगळा. बीएसए सरासरीपेक्षा गडद रंग देतं, त्यामुळे त्याच्या तुलनेत तुमचं प्रथिन थोडं कमीच दिसेल. शुद्ध फ्रॅक्शनचे ब्रॅडफर्ड आणि २८० चे आकडे जुळले नाहीत तर घाबरू नका. कुठली पद्धत वापरली ते लिहा आणि एकाच तक्त्यात दोन्ही मिसळू नका, किंवा मिसळल्या तर तसं स्पष्ट नोंदवा.

लाउरी यांची १९५१ ची पद्धत अधिक संवेदनशील आहे, पण ट्रिस, ईडीटीए आणि अमोनियम सल्फेट तिला बिघडवतात. आपला बफर ट्रिसचाच असल्यामुळे इथे ती नको. केल्डालची १८८३ ची पद्धत नायट्रोजन मोजते आणि ६.२५ ने गुणते, कारण प्रथिनात साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो. खाद्यपदार्थांसाठी ती आजही वापरात आहे. पण नायट्रोजन कुठून आला हे तिला कळत नाही. चीनमध्ये २००८ साली उघडकीला आलेल्या दूधभेसळीत मेलामाइन याच कारणासाठी मिसळलं गेलं होतं. त्याच्या वजनाचा दोन तृतीयांश भाग नायट्रोजनच असतो. लहान बाळांचे त्यात जीव गेले. आपण नेमकं काय मोजतो आहोत, हा प्रश्न प्रयोगशाळेपुरता राहत नाही.

चौथी पायरी: एन्झाइम जिवंत आहे का?

प्रथिन आहे, पण काम करतं का? लायसोझाइम जिवाणूंच्या भिंतीतली शर्करांची साखळी तोडतं. 'मायक्रोकॉकस लायसोडायक्टिकस' (आताचं नाव 'मायक्रोकॉकस ल्युटियस') या जिवाणूंच्या वाळवलेल्या पेशी विकत मिळतात. त्यांचं गढूळ द्रावण एन्झाइम घातल्यावर निवळत जातं, आणि तो निवळण्याचा वेग म्हणजे क्रिया.

कृती अशी. ६६ मिलिमोलर पोटॅशियम फॉस्फेट बफर, पीएच ६.२४. त्यात पेशी ०.०१५ टक्के, म्हणजे १०० मिलिलिटरला १५ मिलिग्रॅम. ४५० नॅनोमीटरला रीडिंग ०.६ ते ०.७ असावं. पंचवीस अंशाला २.५ मिलिलिटर द्रावणात ०.१ मिलिलिटर एन्झाइम घाला, झाकून दोनदा उलटंपालटं करा आणि पाच मिनिटं दर अर्ध्या मिनिटाला रीडिंग घ्या. सुरुवातीचा जो भाग सरळ रेषेत उतरतो तेवढाच धरा. मिनिटाला ०.००१ ची घट म्हणजे एक युनिट. एन्झाइम न घालताही पेशी हळूहळू तळाशी बसतात, त्यामुळे नुसत्या बफरची घट मोजून वजा करा.

समजा, कच्चं द्रावण शंभरपट पातळ करून मिनिटाला ०.०२५२ घट मिळाली. ०.१ मिलिलिटरमध्ये २५.२ युनिट, म्हणजे मिलिलिटरला २५२, आणि शंभरने गुणून २५,२००. पातळ केलेलं लायसोझाइम काचेला चिकटतं (त्याचा धन भार इथेही आडवा येतो), म्हणून ते प्लास्टिकच्या ट्यूबमध्ये, थंड बफरमध्ये, मोजण्याच्या अगदी आधी तयार करा.

या क्रियेच्या मुळाशी दोन अमिनो आम्लं आहेत: ३५ क्रमांकाचं ग्लुटामिक आम्ल आणि ५२ क्रमांकाचं ॲस्पार्टिक आम्ल. साखळीत त्यांच्यात सतरा घरांचं अंतर आहे, पण घडी पडल्यावर ती एकाच खाचेत समोरासमोर येतात आणि साखरेची साखळी त्यांच्या मधून जाते. तक्त्यात ग्लुटामिक आम्लाचा पीकेए ४ च्या थोडा वर दिलेला असतो. पण इथे त्याच्याभोवती पाणी टाळणारी अमिनो आम्लं आहेत आणि तो ६ च्या आसपास सरकतो. म्हणून या पीएचला बरंचसं एन्झाइम आपला प्रोटॉन धरून असतं, आणि बंध तोडायला तोच प्रोटॉन कामी येतो. तक्त्यातला आकडा हा मोकळ्या अमिनो आम्लाचा असतो. घडीच्या आत जागा बदलली की तोही बदलतो. साखळी कुठे वळू शकते आणि कुठे नाही, हे १९६३ साली मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन, सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांनी कोनांच्या आलेखातून दाखवलं. आजही जगात कुठेही नवी रचना सुटली की ती आधी रामचंद्रन आलेखावर तपासली जाते.

पाचवी पायरी: हिशोबाचा तक्ता

समजा तुमचे आकडे असे आले. कच्चं द्रावण ५० मिलिलिटर, प्रथिन मिलिलिटरला १८ मिलिग्रॅम, म्हणजे एकूण ९०० मिलिग्रॅम. क्रिया २५,२०० गुणिले ५०, म्हणजे १२,६०,००० युनिट. एका मिलिग्रॅममागे १,४०० युनिट, ही झाली विशिष्ट क्रिया. कॉलमनंतर शिखराची फ्रॅक्शन एकत्र करून १२ मिलिलिटर, प्रथिन २.१ च्या हिशोबाने २५.२ मिलिग्रॅम, क्रिया मिलिलिटरला ७९,००० म्हणजे एकूण ९,४८,०००. विशिष्ट क्रिया सुमारे ३७,६००. शुद्धी, म्हणजे विशिष्ट क्रियेतली वाढ, जवळपास २७ पट; उतारा, म्हणजे सुरुवातीच्या एकूण क्रियेपैकी हाती उरलेला भाग, ७५ टक्के.

आता सुरुवातीचा ताळा. लायसोझाइम साडेतीन टक्के असेल तर ते पूर्ण शुद्ध केल्यावर शुद्धी २८-२९ पटीच्या पुढे फारशी जाऊच शकत नाही. कुणी ६० पट लिहून आणलं तर कुठेतरी प्रथिन कमी मोजलं गेलं आहे किंवा पातळ केल्याचा गुणक दोनदा लागला आहे. उतारा १०० च्या वर गेला तर कच्च्या द्रावणाची क्रिया कमी भरली असणार. आणि उतारा २० टक्केच आला तर ती बर्फातली ट्यूब काढा. न अडकता गेलेल्या द्रावणात युनिट सापडली तर पीएच किंवा मीठ चुकलं. कुठेच सापडली नाहीत तर प्रथिन अजून कॉलमवरच आहे, एक मोलर मीठ सोडून बघा.

सहावी पायरी: जेल

आकडे चांगले आले तरी प्रथिनं आकारानुसार वेगळी करणारं जेल लावा. एसडीएस हा साबणासारखा रेणू प्रथिनाच्या प्रत्येक ग्रॅममागे साधारण १.४ ग्रॅम चिकटतो आणि सगळ्यांना सारखाच ऋणभारित करतो. मग जेलमध्ये शर्यत फक्त लांबीची उरते. मर्कॅप्टोइथेनॉल घालून ९५ अंशाला पाच मिनिटं ठेवा म्हणजे चारही डायसल्फाइड बंध सुटतील. १५ टक्के जेल घ्या, कारण १० टक्क्यात लायसोझाइम रंगाच्या रेषेबरोबर पळून जातं. ॲक्रिलामाइड घट्ट होण्याआधी मज्जासंस्थेला घातक असतं, हातमोज्यांशिवाय हात लावू नका.

कच्च्या द्रावणाचं १५ मायक्रोग्रॅम, न अडकलेल्याचं १५, शुद्धचं ३, आणि शेजारी शुद्धचंच १५. हा शेवटचा कप्पा बरेच जण लावत नाहीत. तीन मायक्रोग्रॅमला स्वच्छ दिसणारी पट्टी पंधराला आपली भेसळ उघड करते. कच्च्या कप्प्यात ४५ ला ओव्हाल्ब्युमिनची जाड पट्टी, ७६-७८ ला ओव्होट्रान्सफेरिन, आणि तिशीच्या आसपास ओव्होम्युकॉइडचा पसरट धब्बा दिसेल. त्याला साखरेच्या साखळ्या लटकलेल्या असतात म्हणून तो नीट रेषेत येत नाही. आपली पट्टी १४ ला, बऱ्याच मार्करमधल्या (माहीत वजनाच्या प्रथिनांच्या मिश्रणातल्या) सर्वांत खालच्या पट्टीच्या रेषेत. त्या मार्करमध्ये बहुतेकदा लायसोझाइमच वापरलेलं असतं.

साठवण आणि स्फटिक

साडेतीन किलोडाल्टनच्या नळीत पाण्यासमोर डायलिसिस करून फ्रीझ-ड्राय केलेली पावडर उणे २० अंशाला दीर्घकाळ टिकते. द्रावणच ठेवायचं असेल तर छोट्या ट्यूबमध्ये वाटून गोठवा, तीच ट्यूब पुन्हा पुन्हा वितळवू नका.

पावडर उरली तर स्फटिक करून बघाच. ५० मिलिमोलर सोडियम ॲसिटेट, पीएच ४.६, त्यात मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम लायसोझाइम. एका काचेच्या पट्टीवर त्याचा दोन मायक्रोलिटरचा थेंब, त्यातच त्याच ॲसिटेट बफरमधलं ५ ते ७ टक्के मिठाचं द्रावण दोन मायक्रोलिटर, पट्टी उलटी करून त्याच मिठाच्या द्रावणाच्या खळग्यावर ग्रीस लावून हवाबंद बसवा. वीस अंशाच्या आसपास, धक्का न लागेल अशा जागी ठेवा. बहुतेकदा एक-दोन दिवसांत सूक्ष्मदर्शकाखाली काटकोनी, स्वच्छ कडांचे स्फटिक दिसू लागतात. नुसत्या सुया किंवा पांढरा गाळ आला तर मीठ एका टक्क्याने कमी करा. काहीच आलं नाही तर एका टक्क्याने वाढवा. १९४६ साली आल्डर्टन आणि फेव्होल्ड यांनी तर कॉलम न वापरता थेट अंड्याच्या पांढऱ्यात ५ टक्के मीठ घालून, पीएच ९.५ ला, लायसोझाइमचे स्फटिक काढले होते. मूठभर स्फटिकांचं बी आणि फ्रीजमध्ये काही दिवसांची सवड असेल तर ती कृतीही करण्यासारखी आहे. उरलेलं पांढरं त्यासाठी ठेवून द्या.